मैदान सोडून बोर्डासमोर उभे राहताना

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

फुटबॉल क्लबने तुझा करार वाढवला नाही, हे तुझ्या पत्रावरून कळले. लीग टू आणि नॅशनल लीग या इंग्लंडच्या खालच्या श्रेणींमधल्या क्लबांकडून एकेका हंगामाच्या करारावर, त्यातही बराच काळ दुसऱ्या क्लबाकडे उसना जाऊन खेळलेल्या माणसाला मे महिन्यातली, कोणाला ठेवले आणि कोणाला सोडले हे सांगणारी ती यादी नवी नसते. तरी 29 व्या वर्षी तिचा अर्थ निराळा असतो. आता स्पर्धात्मक डार्ट्स, म्हणजे बोर्डावर छोटे बाण फेकण्याचा खेळ, गांभीर्याने खेळावे का, असे तू विचारतोस. खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र फुटबॉलमधले काय बरोबर न्यायचे आणि काय ड्रेसिंगरूममध्येच सोडून यायचे, हे आधी ठरव.

वयाची चिंता करू नकोस. डार्ट्समधले दिग्गज फिल टेलर 2018 च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना खेळले, तेव्हा ते 57 वर्षांचे होते. त्यांना 7-2 असे हरवणारा रॉब क्रॉस 2017 च्या आरंभी व्यावसायिक झाला, त्याआधी तो इलेक्ट्रिशियनचे काम करीत होता. क्रॉसचे उदाहरण तुला भेटेल तो प्रत्येक जण ऐकवील, पण एका वर्षात विश्वविजेता होणे हा अपवाद आहे आणि अपवादावर घरखर्चाचा हिशेब मांडता येत नाही. तुझ्या जवळचे उदाहरण वेल्सच्या गेर्विन प्राइसचे. तो नीथ, क्रॉस कीज आणि ग्लासगो वॉरियर्स या संघांकडून रग्बी खेळत होता, हुकर म्हणजे आघाडीच्या फळीतला खेळाडू म्हणून. 2014 मध्ये त्याने टूर कार्ड, म्हणजे डार्ट्सच्या व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचा परवाना, मिळवले आणि जगज्जेतेपद त्याच्या हाती आले ते 2021 च्या जानेवारीत. मधली सात वर्षे लक्षात ठेव.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. दडपण आले की अधिक जोर लावायचा, हे फुटबॉलने तुझ्या अंगात मुरवले आहे. पायातला चेंडू गेला तर तू मागे धावतोस, अंगावर जातोस आणि शरीरात उसळलेली ऊर्जा स्नायूंवाटे खर्च होऊन जाते. डार्ट्समध्ये तिला वाटच नाही. बोर्ड 2.37 मीटरवर आहे, आकड्याचे दुप्पट गुण देणारी डबलची पट्टी जेमतेम 8 मिलिमीटर रुंद आहे, आणि तीच उसळी बोटांत उतरली की पकड घट्ट होते व डार्ट सुटण्याचा क्षण किंचित चुकतो. त्यातून प्रतिस्पर्धी फेकत असताना तुला काहीही करता येत नाही. त्याला अडवणे नाही, दमवणे नाही, नुसते मागे उभे राहून आपली पाळी यायची वाट पाहणे. मैदानातून आलेल्या खेळाडूला हे थांबणेच सर्वांत जड जाते, असे माझे निरीक्षण आहे. प्राइसने डार्ट्सच्या 2018 च्या ग्रँड स्लॅम अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी गॅरी अँडरसनसमोर डरकाळ्या फोडल्या, प्रेक्षकांची हुर्यो ओढवून घेतली आणि सामना जिंकूनही 21,500 पौंडांचा दंड पदरात पाडून घेतला, जो पुढे अपिलात कमी झाला. तरुण पोरे त्या डरकाळीची नक्कल करतात. डरकाळी डार्ट बोर्डात रुतल्यावरची होती. फेकतानाचा त्याचा हात शांत होता, हे कोणी पाहत नाही.

घरी तीन डार्टांच्या पाळीमागे 85 ची सरासरी येते, असे तू अभिमानाने लिहिले आहेस. लेग म्हणजे 501 पासून वजा करत शून्यावर येण्याचा डाव, आणि त्याचा शेवटचा डार्ट डबलवरच लागावा लागतो. त्या गतीने एक लेग संपायला सुमारे 18 डार्ट लागतात. 95 वाल्याला सुमारे 16. कागदावर फरक दोन डार्टांचा, पण प्रत्यक्षात तो अनेकदा एका पाळीचा होतो आणि त्या पाळीत समोरचा लेग संपवून मोकळा होतो. हा फरक तिप्पट गुण देणाऱ्या ट्रिपल 20 वर जितका भरून निघतो, त्याहून अधिक डबलवर भरून निघेल. म्हणून सरावाचा निम्मा वेळ लेग संपवण्याच्या सरावाला दे. 32 उरतील अशी आखणी कर, कारण डबल 16 चुकून साधा 16 लागला तर डबल 8 उरतो, मग डबल 4, मग डबल 2, मग डबल 1. डबल 20 च्या वाटेवर दोन चुकांतच तू डबल 5 वर येतोस आणि तिथे पुन्हा चुकलास तर विषम आकडा पदरी पडतो. 169, 168, 166, 165, 163, 162 आणि 159 हे आकडे तीन डार्टांत संपत नाहीत, हे पाठ असू दे; मंचावर बेरीज-वजाबाकी करायला डोके मोकळे राहत नाही.

पैशांबाबत तुला समजावण्याची फारशी गरज नाही, कारण अस्थिर उत्पन्नावर जगणे तू शिकलेला आहेसच. टूर कार्ड 128 खेळाडूंकडे असते, क्यू-स्कूल या पात्रता स्पर्धेतून मिळाले तर ते दोन वर्षांचे असते, आणि कार्डधारकांच्या प्लेअर्स चॅम्पियनशिप स्पर्धांच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला बक्षिसाचा एक पेनीही मिळत नाही. प्रवास आणि हॉटेल मात्र ज्याचे त्याचे. मंगळवारी रात्री बसने दूरच्या गावी जाऊन राखीव बाकावर बसून परतण्याची तुझी सवय इथे सोन्यासारखी आहे. नुसत्या गुणवत्तेवर आलेली मुले याच जागी खचतात.

हात अडकण्याचा विकार, ज्याला खेळाडू डार्टायटिस म्हणतात, त्याने पाच वेळच्या विश्वविजेत्या एरिक ब्रिस्टो यांनाही गाठले होते. डार्ट सोडताना हात अडखळू लागला, तर जिद्दीने तासन्‌तास फेकत बसू नकोस. जोर लावण्याची तुझी सवय तिथे सर्वाधिक घात करील. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या कोणी सुचवल्या तर साफ नकार दे, स्पर्धेच्या काळात त्या प्रतिबंधित आहेत.

येत्या जानेवारीतल्या क्यू-स्कूलला घाईने जाऊ नकोस, असे मी सांगेन. आधी एक हंगाम डार्ट्सच्या स्थानिक सुपर लीगमध्ये खेळ, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) संघात जागा मिळते का पाहा, आणि शनिवारचे अर्धवेळ फुटबॉल चालू ठेव, म्हणजे भाड्याची काळजी हातात उतरणार नाही. पुढच्या पत्रात सरासरी कळवू नकोस. अनोळखी माणसासमोर खेळताना 32 उरल्यावर लेग संपवायला किती डार्ट लागले, ते प्रत्येक सामन्याचे लिहून पाठव.

तुझा शुभचिंतक