कासवापायी १७ लाख?

वाघबीळहून एका ताईंचं पत्र आलं आहे. २०१७ मध्ये मुलाच्या हट्टाखातर त्यांनी दुकानातून दोन रुपयांच्या नाण्याएवढं कासव आणलं. आता त्याची पाठ आठ इंचांची झाली आहे आणि दोन फुटांच्या काचेच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. चार फुटांची टाकी, स्टँड, फिल्टर आणि दिवे मिळून दुकानदारानं ४६,००० रुपये सांगितले आहेत, बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर. मुलगा ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगसाठी पुण्याला चालला आहे. त्यानं आईला हिशेब करून दाखवला: कासव नीट ठेवायचं तर महिन्याला १,७०० रुपये लागतील, तेच एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या मासिक गुंतवणुकीत, घातले तर वीस वर्षांत १७ लाख होतील. ऐरोलीला राहणारे ऑफिसातले एक सहकारी आपल्या मुलीसाठी कासव न्यायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, घरातलं कासव बाहेर देऊ नये. ताईंचा प्रश्न: ठेवू की देऊन टाकू?

ताई, निर्णयाआधी एक काम या आठवड्यातच करा. कासवाचे डोळे सुजल्यासारखे दिसतात आणि पाठीवर पांढरट डाग आलाय, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. ते मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. घाण पाणी, ऊब आणि यूव्हीबी (अतिनील) प्रकाशाची कमतरता, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, यांतून कासवांना असे त्रास होतात. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडेच न्या. ठेवायचं असो वा द्यायचं, हा खर्च तुमचाच आहे. आजारी जनावर दुसऱ्याच्या हवाली करून तो टळत नाही.

आता १७ लाखांचं. मुलाचं गणित चुकलेलं नाही. वर्षाला १२ टक्के धरले तर आकडा तेवढाच येतो. पण १२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही. शिवाय महागाई ६ टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरचे १७ लाख म्हणजे आजचे साधारण ५ लाख ३० हजार. हीही रक्कम लहान नाही, पण १७ लाख ऐकून छातीत धस्स होतं तसं हिच्यानं होत नाही.

मासिक १,७०० चा आकडा मीही तपासला. ऊब देणारा ५० वॅटचा दिवा रोज दहा तास, २६ वॅटचा यूव्हीबी दिवा तेवढाच वेळ आणि २० वॅटचा फिल्टर चोवीस तास, अशी महिन्याला सुमारे ३८ युनिटं होतात. तुमच्या बिलातलं वरचं युनिट १२ रुपयांना पडतं असं धरलं तर ४५० रुपये. खाणं आणि पालेभाजी ४००, दिवे आणि फिल्टरचं सामान ३५०, डॉक्टरांसाठी बाजूला ५००. यूव्हीबीचा दिवा डोळ्यांना लख्ख दिसत राहतो, पण त्यातला उपयोगाचा प्रकाश ओसरत जातो, म्हणून तो साधारण वर्षानं बदलावाच लागतो. हा खर्च लोक हमखास विसरतात, मुलानं तो धरलाय हे पाहून बरं वाटलं.

खरी चिंता मला दुसऱ्याच आकड्याची वाटते. दोघांचे मिळून हातात १,०५,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ४१,०००, घरखर्च ३८,०००, विमा आणि एसआयपी ८,०००. ऑगस्टपासून हॉस्टेल आणि मेसचे १२,००० वाढले की हातात ६,००० उरतील. आणि अडीअडचणीसाठी बँकेत आहेत १ लाख २० हजार. हप्ता, घर आणि हॉस्टेल धरून तुमचा महिना ९१,००० चा आहे, म्हणजे हा निधी दीड महिनाही पुरणार नाही. निदान तीन महिन्यांचे पैसे हवेत, म्हणजे २ लाख ७३ हजार. कासव देऊन वाचलेले १,७०० दर महिन्याला टाकत गेलात तरी ही तूट भरायला साडेसात वर्षं लागतील. कासव गेल्यानं तुमचं घर सावरणार नाही आणि राहिल्यानं बुडणारही नाही. ५,००० ची एसआयपी वर्षभर थांबवून ती रक्कम आणि दिवाळीच्या ६०,००० बोनसमधले ४५,००० या निधीत टाका. वर्षात १ लाख ५ हजार जमतील. चालू एसआयपी थांबवा असं मी सहसा सांगत नाही, पण इथे सांगतो आहे.

दुकानदाराचे हप्ते मात्र नकोत. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज असतंच, ते किमतीत जिरवलेलं असतं. त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, वर प्रक्रिया शुल्क असतं आणि रोखीनं मिळाली असती ती सूटही जाते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवलं होतं.

शिवाय एवढ्या खर्चाची गरजही नाही. पाठीच्या दर इंचाला साधारण ३८ लिटर पाणी, असा अंदाज जाणकार धरतात. तुमच्या कासवाला ३०० लिटर पुरेल. काचेऐवजी जाड प्लास्टिकचा मोठा टब घ्या, फिल्टर वापरलेला पण चालू स्थितीतला बघा, दिवे नवे घ्या आणि अंग शेकायला पाण्याबाहेर कोरडी जागा करून द्या. १५,००० च्या आसपास काम व्हावं, आणि तेवढे बोनसमधून उरतात. तोवर तुमच्या इमारतीतल्या कुणाकडे पाण्याचा जुना टब पडून असेल तर तो मागून घ्या. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ३०० लिटर पाण्याचं वजन ३०० किलो होतं, त्यामुळे टब गॅलरीत नको, आत भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. आणि काचेतून येणारं ऊन यूव्हीबीच्या दृष्टीनं कुचकामी असतं. सकाळी थोडा वेळ कासवाला गॅलरीत थेट उन्हात ठेवा, निम्म्या भागावर सावली असू द्या. मे महिन्यातल्या ठाण्याच्या उन्हात सावली नसेल तर कासव जिवाला मुकतं.

आता देण्याबद्दल. ऐरोलीच्या सहकाऱ्यांकडे टब आहे का, दिवा आहे का, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. त्यांना खर्चाचा हाच हिशेब दाखवा, वीस वर्षांसकट. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं हे कासव, रेड इअर्ड स्लायडर, नीट सांभाळलं तर तीस वर्षंही जगतं. त्यांची सात वर्षांची मुलगी तोवर कुठे असेल? फुकट मिळालेलं कासव चटकन नेलं जातं आणि बरेचदा शेवटी तळ्यात सोडलं जातं. ठाण्यातलं मासुंदा तळं असो की उपवन, हे कासव तिथलं नाही. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं. तळ्यात सोडण्याचा पर्याय माझ्या हिशेबात नाहीच.

एक खात्री करून घ्या. तो लाल पट्टा दिसत नसेल आणि कासव भारतीय जातीचं निघालं, तर ते घरात ठेवणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा ठरू शकतं. तेव्हा विक्री नाही, देवाणघेवाण नाही, सरळ वनविभागाला १९२६ वर फोन.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी वजन देतो. कासव गेलं की लक्ष्मी जाते का, हे मी सांगू शकत नाही. पण आठ वर्षं दुपारचं खाणं त्या घालतात, त्यांची चाहूल लागली की ते काचेपाशी येतं, असं तुम्हीच लिहिलंय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणाचा तरी दिवस त्यामुळे भरतो, आणि याला १,७०० रुपये मला जास्त वाटत नाहीत. मात्र त्यांनी खाणं घातल्यावर दर वेळी साबणानं हात धुवायलाच हवेत. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो, आणि त्या वयात तो बाधतो.

म्हणून माझा कौल ठेवण्याच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर, आणि ती पैशांची नाही. दर रविवारी पाणी मुलगा बदलत होता. मोठ्या टबात दर वेळी शंभर-सव्वाशे लिटर पाणी काढून भरावं लागेल. तुमचे गुडघे दुखतात, सासूबाईंना बादली उचलू देऊ नका. मग उरतात तुमचे यजमान, आणि ते तयार आहेत का, हे पत्रात कुठेच नाही. मुलगा घरात आहे तोवरच, येत्या रविवारपासून, हे काम त्यांच्याकडे सोपवा. पाइपनं पाणी बाथरूममध्ये काढता येतं, बादल्या वाहाव्या लागत नाहीत. जुलै संपेपर्यंत त्यांनी एकही रविवार चुकवला नाही, तर टब ठरवून ठेवा आणि बोनस आला की घ्या. दोन रविवार चुकले, तर मोठा टबही दोन फुटांच्या टाकीसारखाच घाण होईल. तसं झालं तर उपचार पूर्ण करा, ज्याच्याकडे आधीपासून चांगली व्यवस्था आहे असाच माणूस शोधा आणि टबासाठी ठेवलेल्या १५,००० पैकी १०,००० कासवासोबत त्याच्या हातात द्या.