बांगड्या दिसताहेत, पेशी कुठायत?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिच्यासाठी साधा आरशाचा मायक्रोस्कोप घेतला. कांद्याची स्लाइड चार वेळा करून बघितली पण दर वेळी काळ्या जाड कडांच्या गोल गोल बांगड्याच दिसतात, पुस्तकातल्यासारख्या विटा रचल्यागत पेशी काही दिसत नाहीत. मायक्रोस्कोप खराब निघाला का? — एक पालक, सांगली

उत्तर : मायक्रोस्कोप चांगलाय हो, परत करू नका. त्या बांगड्या म्हणजे हवेचे बुडबुडे. पाण्यातून हवेत जाताना प्रकाश वाकतो, बुडबुड्याच्या कडेला तर इतका वाकतो की लेन्समध्ये येतच नाही, म्हणून कड काळी कुळकुळीत दिसते. सुईने कव्हरस्लिपवर (स्लाइडवर झाकतो ती पातळ काच) अगदी हलकं टेकवून बघा, बांगडी सरकली किंवा तिचा आकार बदलला तर बुडबुडाच, पेशी अशा पळत नाहीत. आणि यात लाजण्यासारखं काही नाही, मी स्वतः अकरावीत असल्याच एका बुडबुड्याचं शेडिंगसकट सुबक चित्र काढून वर बाण करून 'पेशीभित्तिका' लिहिलं होतं, सरांनी लाल पेनाने खाली एकच शब्द लिहिला, 'फुगा'.

आता करायचं कसं. कांदा उभा चिरा, एक जाड पाकळी घ्या आणि तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पापुद्रा काढा. बाहेरची लाल-तपकिरी साल नको, तिथे सगळा वाळलेला मामला असतो. पाकळी कचकन मोडायची आणि मोडलेल्या कडेला जे पारदर्शक लोंबतं ते चिमट्याने ओढायचं. एवढा मोठा तुकडा लागत नाही, करंगळीच्या नखाएवढा पुरे, त्याहून लहान असला तरी उत्तमच.

सगळ्यात जास्त चुकतं ते पाण्याचं. लोक आधी पापुद्रा कोरड्या काचेवर ठेवतात आणि मग वरून पाणी ओततात, की झाली खाली हवा अडकायला सुरुवात आणि पापुद्राही गुंडाळला जातो. आधी स्लाइडवर पाण्याचा एक थेंब, एकच, ड्रॉपरने, मग त्या थेंबात पापुद्रा सोडायचा आणि दोन सुयांनी घड्या उलगडायच्या (घडी पडली की दोन थर एकावर एक दिसतात आणि मग पोरं विचारतात की पेशीत पेशी कशी?). मग कव्हरस्लिप कडेला धरायची, बोटाचे ठसे मधे नकोत, तिची एक कड थेंबाला साधारण पंचेचाळीस अंशात टेकवायची, पाणी त्या कडेने आपोआप पसरलं की दुसरी कड सुईवर टेकवून हळू हळू खाली आणायची. वरून पटकन टाकली की बुडबुडे आलेच म्हणून समजा. हे हळू म्हणजे खरंच हळू, चहाला उकळी येईपर्यंत नाही पण चार-पाच सेकंद तरी. कव्हरस्लिप तरंगत असेल तर पाणी जास्त झालंय, कडेला टिश्यूचा कोपरा लावा, तो ओढून घेतो.

रंग द्यायचा तर सगळं उचकटून परत करायची गरज नाही. एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिश्यू लावा, टिश्यू पाणी ओढतो आणि मागून आयोडीन आत येतं. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पाणी घालून चहासारखं पातळ केलं की चालतं. केंद्रक पिवळट-तपकिरी ठिपक्यासारखं उठून दिसतं. कांद्यात निळं-काळं काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका, आयोडीनने निळं-काळं होतं ते पिष्ट, आणि कांदा ते साठवत नाही, तो रंग बघायचा तर बटाटा सुरीने खरवडा आणि त्या पांढऱ्या रसाला आयोडीन लावून बघा, अंडाकार कण निळे-काळे झालेले मस्त दिसतात.

बघताना आधी लो पॉवर, म्हणजे कमी पटीची लेन्स. कांद्याच्या पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असतात, त्या शंभर पटीतच छान दिसतात. आरशावर थेट ऊन मात्र कधीच घेऊ नका, डोळा जातो.

प्रश्न : डबक्याच्या पाण्यात पॅरामेशियम सापडलं पण इतकं पळतं की चित्र काढताच येत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत स्लाइडच वाळते. — बारावी सायन्स, नाशिक

उत्तर : पॅरामेशियम, म्हणजे हा एकपेशीय जीव, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर जातं, आणि चारशे पटीला तुला दिसणारं गोल मैदान जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे ते डोळ्यासमोरून अर्ध्या सेकंदात पसार होणारच ना. तू शंभर पटीवरच थांब. आणि कापसाचे चार-पाच धागे अगदी विस्कटून थेंबात टाक, मग कव्हरस्लिप लाव, धाग्यांच्या जाळीत ते अडकतं आणि तिथल्या तिथे घुटमळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये मेथिल सेल्युलोजचं घट्ट द्रावण असेल तर मागून घे, त्यात ते चिखलात चालल्यासारखं चालतं, पण धाग्यांनीही काम भागतं.

वाळण्यावर उपाय व्हॅसलीन. कव्हरस्लिपच्या चारही कडांना काडीने पातळ रेघ ओढून मग ती थेंबावर ठेव. पाणी घेताना डबक्याच्या मधलं स्वच्छ पाणी घेऊ नकोस, तिथे काय सापडणार, तळाशी कुजलेल्या पानांजवळचं गढूळ घे. डॅफ्नियासारखं (पाण्यातली पिसू) मोठं काही सापडलं तर कव्हरस्लिप लावूच नकोस, नाहीतर बिचारा चेपून मरतो.

प्रश्न : कव्हरस्लिपऐवजी सेलोटेप लावली तर? सारख्या फुटतात. — गृहिणी, ठाणे

उत्तर : लो पॉवरला ढकलून जाईल. पण कव्हरस्लिप साधारण ०.१७ मिलिमीटर जाडीची असते आणि हाय पॉवरची लेन्स तेवढी जाडी धरूनच बनवलेली असते, टेपखाली चित्र धूसर येतं. फुटतात त्या बहुतेक वेळा चाळीसची (हाय पॉवरची) लेन्स लावून मोठा स्क्रू फिरवल्यामुळे. हाय पॉवरला फक्त बारीक स्क्रू, आणि लेन्स काचेजवळ न्यायची असेल तर डोळा आयपीसला नको, बाजूने बघत न्या.