शेख महंमद महाराज शेवटी हिंदू झाले होते का, की सूफीच राहिले?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी गुरूचे शिष्य, तरी विठ्ठलाचे अभंग लिहितात, मग अशा योग्याला कोणत्या धर्माचा मानायचं आणि त्यांचं काय वाचायचं. मी इथे एरवी नुसती वाचते. पण 'हिंदू झाले होते' हे शब्द मी स्वतः एकदा भर भजनात ओरडून बोलले आहे, त्यामुळे आज राहवत नाही.

आबांच्या वर्षश्राद्धाची रात्र होती. आबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे आणि त्यांची एक अभंगांची वही होती, पिवळी पडलेली, शिवण दोनदा घातलेली. रूपाचा अभंग झाला, आणखी दोन झाले. मी पेटीवाल्या काकांना म्हटलं, आता आबांचा आवडता घ्या, 'ऐसे केले या गोपाळे, नाही सोवळे ओवळे'. माहीत असेलच तुम्हाला. केतकीला काटे पण आत केवडा, फणसाला काटे पण आत गोडवा, नारळ वरून कठीण पण आत पाणी, आणि शेवटी नाममुद्रा: 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद'. काकांनी सूर धरला तोच माझ्या चुलतभावाने, अण्णाने, टाळ थांबवले. "आजच्या दिवशी हा नको. बाकीचे काय कमी आहेत का?"

काका बिचारे बोटं पट्ट्यांवर तशीच ठेवून बसले. मी तीस-चाळीस माणसांसमोर म्हणाले, "अण्णा, ते मनाने हिंदूच झाले होते. तुला अडचण काय आहे?" अण्णा शांतपणे म्हणाला, "झाले होते तर नाव का नाही बदललं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गवळण घेतली गेली. आई आतल्या खोलीत होती. पंगत उठल्यावर तिने एवढंच विचारलं, "ह्यांचा का नाही घेतला?"

शाळेत गेल्यावर मी हे सगळं आमच्या हिंदीच्या सरांना सांगितलं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उरुसाचा मान आहे. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. सर हसले. "बाई, तुम्ही दोघांनी मिळून त्यांना घराबाहेर काढलंत की. त्यांनी नावावरून, तुम्ही मनावरून." मग विचारलं, अविंध म्हणजे काय? मी मराठीची शिक्षिका. ठोकून दिलं, यवन. तर म्हणे फोड करा. अ-विंध, न विंधलेला. ज्याचा कान टोचलेला नाही तो, म्हणजे मुसलमान. आणि हा शब्द दुसऱ्या कुणी त्यांना चिकटवलेला नाही, स्वतःच्या ओळीत त्यांनी स्वतः घातलाय. हृदयी गोविंद आहे हे सांगताना तो खोडावा असं त्यांना वाटलं नाही. मला मात्र तो अण्णासमोर खोडावासा वाटला होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: झाले नव्हते. होण्याची गरजच त्यांना पडली नाही. त्यांचे गुरू चांद बोधले, कादरी या सूफी परंपरेतले. मुसलमान ज्याला पीर म्हणतो त्यालाच मराठी माणूस सद्गुरू म्हणतो, दोन्हींत भेद नाही, असं ते उघड लिहितात. त्यांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ 1645 साली पुरा झाला. अठरा प्रसंग आणि सगळी लढाई आतली, काम, क्रोध, अहंकार यांच्याशी. पुन्हा हा माणूस मऊ नाही. भोंदू गुरू, पोटभरू फकीर, देवापुढे बोकड कापणारे, कुणालाच सोडत नाही. 'सगळे धर्म छान छान' असलं गुळमुळीत काही त्यांच्या तोंडी घालू नका. एक गुरू धरला, एक साधना केली. तिच्यासाठी शब्द मात्र दोन घरांतले वापरले. आज इथे नमाज, उद्या तिथे नामस्मरण असं चाखत हिंडणं वेगळं, आणि मला तरी ते पटत नाही.

अण्णा एकनाथी भागवत डोक्यावर घेऊन मिरवतो. त्याला मी नंतर सांगितलं की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, देवगिरीचे, आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचेही गुरू हेच चांद बोधले. म्हणजे नाथ आणि शेख महंमद एकाच घरचे. हिंदू-तुर्क संवादाचं भारूड लिहिणारे नाथच ना? अण्णा म्हणाला, "हे तुला शाळेतल्या त्या सरांनी शिकवलं." हो, त्यांनीच शिकवलं. आणि शेख महंमदांना श्रीगोंद्याला आणून मठ बांधून दिला तो मालोजीराजांनी, असं मानतात. शिवाजी महाराजांच्या आजोबांना चालले ते आमच्या अण्णाला वर्षश्राद्धाला चालेनात!

एक सांगायचं राहिलं. गुरुपरंपरेची ही जोडणी सगळ्यांना मान्य नाही. जनार्दनस्वामींना प्रत्यक्ष दत्तात्रेयांनी अनुग्रह दिला असं नाथांच्या परंपरेत सांगतात. गंमत म्हणजे नाथांच्या गोष्टीतही दत्त येतात ते मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या, वेषात. पण वाद घालायला जाल तर हे आधी माहीत असू द्या, मला माहीत नसल्यामुळे मी दोनदा तोंडावर पडले.

वाचायचं म्हणाल तर 'योगसंग्राम' एकदम उघडू नका. वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केलेली प्रत ग्रंथालयात मिळाली तर बघा, पण भाषा जुनी आहे आणि योगाची परिभाषा अंगावर येते. 'पवनविजय' तर श्वासाच्या विद्येवर, तो त्याहून नंतर. आधी अभंग. तेही म्हणायला घ्या, नुसते वाचून फणस फुटत नाही.

अण्णा, तू हे वाचणार, वहिनींनी सांगितलंय मला. तू विचारलं होतंस नाव का नाही बदललं. कारण त्यांना लाज नव्हती रे त्याची, ती मला वाटली होती. आबांची वही मागत होतास ना, ती मिळणार नाही. त्या पानाचा फोटो पाठवते. पुढच्या श्राद्धाला पेटीवाल्या काकांना मीच बोलावणार आहे, टाळ तू आण.