फ्लेमिंगोच्या पिसावरून खाडीतलं शिसं आणि पारा कळेल का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. ठाणे खाडीच्या कडेला सापडलेली फ्लेमिंगोची पिसं प्रयोगशाळेत दिली तर खाडीतल्या जड धातूंचा पुरावा मिळेल का, हा पहिला. ओहोटीला चिखलात दिसलेले मेलेले पक्षी त्या धातूंनीच मेले का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर असं, की पुरावा मिळेल, पण तो ठाण्याचाच असेल याची खात्री देता येणार नाही. दुसऱ्याचं उत्तर नुसतं बघून कुणीच देऊ नये.

पीस वाढत असताना त्याला आतून रक्त मिळत असतं. त्या दिवसांत रक्तात जो पारा फिरतो, तो पिसाच्या केराटिनमधल्या (पीस ज्या प्रथिनाचं बनतं ते) गंधकाला घट्ट धरून बसतो. पीस पूर्ण वाढलं की रक्त बंद होतं आणि आतला पारा तिथेच अडकून राहतो. एखादं मोठं पीस उजेडात तिरपं धरून बघा, फिकट-गडद अशा बारीक आडव्या पट्ट्या दिसतील. फिकट-गडद अशी एक जोडी म्हणजे साधारण एका दिवसाची वाढ. कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाच्या बाबतीत संशोधकांनी एकाच पिसाचे ओळीने तुकडे करून, पीस वाढत होतं त्या महिन्यांत पक्ष्याच्या पोटात शिसं कधी गेलं हे काढून दाखवलं आहे.

म्हणजे पिसातला आकडा पीस जिथे उगवलं तिथला असतो, सापडलं तिथला नाही. फ्लेमिंगो ठाण्यात वीण करत नाहीत. ते हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) २०२२ मध्ये उपग्रह टॅग लावलेल्या पक्ष्यांनी गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत ये-जा केलेली आपण पाहिली आहे. चिखलात पडलेलं पीस कच्छमध्ये उगवलं की ऐरोलीसमोर, हे पीस सांगत नाही. त्यात खाडीच्या चिखलातलं शिसं पिसाला बाहेरूनही चिकटतं. प्रयोगशाळा ॲसिटोन आणि शुद्ध पाण्याने पिसं धुतात, तरी शिशाच्या बाबतीत शंका उरतेच. पाऱ्याच्या बाबतीत पीस जास्त भरवशाचं.

पिसांची पद्धत कामाची नाही असं मात्र समजू नका. स्वीडनमध्ये पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं एक विषारी संयुग, चोळत असत. दाणे टिपणारे पक्षी मरू लागले, त्यांना खाणारे शिकारी पक्षीही. मग संग्रहालयातल्या जुन्या पक्ष्यांची पिसं तपासली, तेव्हा दिसलं की कितीतरी दशकं जवळपास सारखा राहिलेला पारा १९४० च्या सुमारास एकदम चढला. १९६६ मध्ये त्या औषधावर बंदी आली आणि पिसातला पारा उतरला. माझ्या मते या विषयातला याहून स्वच्छ पुरावा दुसरा नाही, कारण तिथे पक्षी कुठला आणि साल कोणतं हे प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. तुमच्या पिशवीतल्या पिसांकडे नेमकी तीच चिठ्ठी नाही.

आता धातू कोणता, हेही बघायला हवं. ‘जड धातू’ म्हणून सगळे एकाच पोत्यात भरले की गोंधळ होतो. अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातो तो मुख्यतः मिथिल पारा. म्हणून मासे खाणारे पाणकावळे, राखी बगळे, ऑस्प्रे हा शिकारी पक्षी यांच्यात तो जास्त सापडतो, आणि कारखान्यांपासून हजारो मैल लांब समुद्रावर जगणाऱ्या अल्बाट्रॉसच्या पिसांतही. छोटा फ्लेमिंगो निळं-हिरवं शैवाल आणि डायटम (सूक्ष्म शैवाल) गाळून खातो, म्हणजे साखळीत तो फार खाली आहे. त्याच्या बाबतीत मला काळजी वाटते ती चिखलाला धरून राहणाऱ्या शिशाची आणि कॅडमियमची, कारण गाळून खाताना थोडा गाळ पोटात जातोच. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडात जाऊन बसतं.

शिशाचं विष किती साध्या वाटेने जातं ते बदकांवरून कळतं. दाणे दळायला बदकं खडे गिळतात, तळ्याच्या तळाशी पडलेला बंदुकीचा छर्राही खडा समजून गिळतात. गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, तो घासला जातो, आम्लात विरघळतो आणि रक्तात उतरतो. अशा बदकाचं पोट उघडलं तर झिजून चपटा झालेला छर्रा मिळतो. पक्षी जिवंत असतो तेव्हा पंख छपरासारखे उतरते पडलेले, शेपटीखाली हिरवी विष्ठा, छातीचं हाड वर आलेलं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद झाले. काँडोर मात्र तरी मरत राहिले, कारण शिकारी मारलेल्या जनावराची आतडी जंगलात टाकून जात आणि त्यात गोळीचे बारीक कण असत. १९८२ मध्ये जगात फक्त २२ काँडोर उरले होते. कॅलिफोर्नियात सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी यायला २०१९ उजाडलं. इतकी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

मेलेल्या फ्लेमिंगोंबद्दल. २०१९ मध्ये सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले तेव्हा पाण्यातल्या विषारी रसायनांवर बोट ठेवलं गेलं होतं, निघाला बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा आजार. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले ते विमानाच्या धडकेने. धातूंचं विष सहसा असं एका दिवसात थवा लोळवत नाही. ते रक्त कमी करतं, अंडी आणि पिल्लं कमी करतं, पक्षी दुबळा करून दुसऱ्या कशाच्या तरी तोंडी देतं. म्हणून मृत पक्षी दिसला तर जागेसकट फोटो काढा, हात लावू नका, लगेच वन विभागाला कळवा. यकृत आणि मूत्रपिंड ताजं असतानाच मिळालं तर शवविच्छेदनात काही कळेल. उन्हात दोन दिवस पडलेल्या पक्ष्यातून फारसं हाती लागत नाही. खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतून पीससुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही, हे गटातल्या नव्या मुलांनाही सांगा.

खाडीचाच पुरावा हवा असेल तर फ्लेमिंगो सोडा आणि बगळ्यांकडे वळा. पावसाळ्यात रातबगळे आणि छोटे बगळे वसाहतीतल्या झाडांवर वीण करतात. खाडीजवळची वसाहत घेतली तर पिल्लांना बहुतेक आजूबाजूचेच मासे मिळतात, आणि त्यांची पिसंही तिथेच उगवतात. गायबगळे यातून वगळा, ते कुरणातले किडे भरवतात. जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग सोबत घ्या, वन विभागाची लेखी परवानगी काढा, आणि झाडाखाली पडलेल्या पिल्लांच्या पिसांबरोबर त्याच परिसरातला गाळ आणि लहान मासे यांचेही नमुने द्या. प्रत्येक पाकिटावर जात, तारीख आणि झाडाची जागा लिहा. एखादी लांबची, स्वच्छ पाण्याजवळची वसाहतही तुलनेला घ्या, नाहीतर आलेला आकडा जास्त की कमी हे ठरवणार कशाच्या आधारावर? अर्जाचा मसुदा लागला तर इथेच सांगा, मी लिहून देईन.