विद्यापीठांची व्याख्याने इंटरनेटवर मोफत मिळत असताना खेड्यातल्या विद्यार्थिनीने कॉलेजला जावे का?

आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येत असतील, तर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या आपल्या बहिणीने गावाहून रोज एसटीने दारव्ह्याला का जावे, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवतो आणि ही व्याख्याने माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने ऐकायला लावतो, तरीही कॉलेज सोडू नये असेच माझे मत आहे.

सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या मोफत व्हिडिओ व्याख्यानांच्या उपक्रमाने आमच्यासारख्या भागावर फार मोठे उपकार केले आहेत. आमच्या शिकण्याच्या काळात अशा प्राध्यापकाचा आवाजही कानी पडणे शक्य नव्हते. आज केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून कोणालाही पूर्ण अभ्यासक्रम शिकता येतो. पैसे लागतात ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

मात्र ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि खरी अडचण तिथेच आहे. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत एका विद्यार्थिनीने न्यूटनच्या नियमांवरची सर्व व्याख्याने रात्री जागून ऐकली होती. तिची वही सुवाच्य अक्षरांत भरलेली होती. मी तिला उतारावर स्थिर असलेल्या ठोकळ्यावरील बले दाखवायला सांगितली, तेव्हा तिने घर्षणाचा बाण उताराच्या खालच्या दिशेने काढला. ठोकळा ज्या बाजूला घसरू पाहतो त्याच्या उलट घर्षण असते, हे वाक्य तिच्याच वहीत दोनदा लिहिलेले होते. व्याख्यान देणाऱ्याला तिची वही दिसत नाही. समोर बसलेल्या शिक्षकाला ती दिसते. प्रयोगशाळेतला लंबकही मोबाइलवर हाती धरता येत नाही.

म्हणून बहिणीला कॉलेज चालू ठेवून एका सत्रात या व्याख्यानांतला एकच विषय घ्यायला सांगावे. रेंज मिळेल तेव्हा व्याख्यान कमी दर्जात मोबाइलवर डाउनलोड करून घ्यावे, प्राध्यापक उदाहरण सोडवू लागले की व्हिडिओ थांबवून ते आधी स्वतः सोडवावे, आणि आठवड्याची गृहपाठाची गणिते उत्तर न पाहता करावीत. जिथे अडेल ते पान दुमडून दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिक्षकांपुढे ठेवावे. शिक्षक कंटाळतील ही भीती तिने मुळीच बाळगू नये, कारण असे दुमडलेले पान घेऊन येणारा विद्यार्थी आम्हाला वर्षातून मोजक्याच वेळा भेटतो.