‘एस’पुढचा आकडा मोठा, म्हणून औषध भारी का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, शुगर आहे. कापूस वेचायला जाऊ लागल्यापासून त्यांच्या लघवीला आग होते. ताप नाही. मेडिकलमधून आधी सिप्रो आणलं, मग सेफिक्झिम. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. शेवटी तालुक्याला लघवीचं कल्चर केलं. रिपोर्टात ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. सिप्रो, सेफिक्झिम ‘आर’. नायट्रोफ्युरँटोइन ‘एस’ १९, मेरोपेनेम ‘एस’ २८. मेडिकलवाले म्हणतात, २८ वालं इंजेक्शन लावा, एका फटक्यात काम होईल. लावावं का?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ते इंजेक्शन आत्ता लावू नका. तुमचा रिपोर्ट चांगला आहे, त्यात साध्या गोळीचा रस्ता मोकळा दिसतो.

रिपोर्टात ‘एस’ म्हणजे त्या औषधापुढे जंतू टिकत नाही, ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आता ‘एस’पुढचा आकडा येतो कुठून ते सांगते. लॅबमध्ये लघवीतले जंतू आधी रात्रभर वाढवतात. मग ते एका बशीतल्या जेलीवर सारखे पसरतात आणि वर औषध मुरवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची पांढुरकी साय धरलेली असते. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल उरतो. तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. तुमचे १९ आणि २८ म्हणजे तेच. पण प्रत्येक औषध जेलीत वेगळं पसरतं, म्हणून प्रत्येकाची पास व्हायची रेषा वेगळी. या जंतूसाठी नायट्रोफ्युरँटोइनला १७ पुरतात, मेरोपेनेमला २३ लागतात. दोन्ही पास. २८ हा १९ पेक्षा भारी, असा हिशेब इथे होत नाही. दोन रात्री जंतू वाढायलाच जातात, म्हणून रिपोर्टाला दोन-तीन दिवस लागतात. त्यात लॅबवाल्याची चालढकल नसते.

आता निवड. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत भरपूर उतरतं, मूत्राशयातल्या जंतूला ते पुरे. किडनीच्या मांसात मात्र ते पोचत नाही. म्हणून हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर या गोळीवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सासूबाईंना शुगर आहे, तेव्हा किडनी नीट चालते का ते कळायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनी कमजोर असेल तर ही गोळी चालत नाही. डॉक्टरांनी लिहून दिली, तर जेवणावर घ्यायची आणि सांगितलेले पाच-सात दिवस पूर्ण करायची. लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नका. मेरोपेनेम शिरेतून द्यायचं औषध आहे, रक्तात विष पसरलेल्या माणसासाठी राखून ठेवलेलं. उद्या तुमच्याच घरात कुणाला ती वेळ आली, तर ते चालायला हवं.

सेफिक्झिम तुम्हाला चिठ्ठीशिवाय मिळालं, याचा मला मनापासून राग येतो. २०१४ पासून ते एच-वन यादीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी बघून, रजिस्टरात नोंद करून, ती नोंद तीन वर्षं ठेवूनच ते विकायचं असतं.

पुन्हा कधी कल्चर करायची वेळ आली, तर लघवी अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्या. पहिली धार सोडून मधली, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत. दोन तासांत ती लॅबमध्ये पोचली पाहिजे. आपल्याकडे घरून डबी भरून यष्टीने नेतात. उन्हात, गर्दीत ती तापते, आणि ऊब मिळाली की ई. कोलाय वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतो. मग रिपोर्टात जंतूंचे लाखांचे आकडे येतात आणि नसलेल्या आजाराला औषध सुरू होतं. त्यापेक्षा लॅबमध्ये जाऊनच डबी भरा. आग थांबल्यावर ‘जंतू गेले का’ म्हणून पुन्हा तपासणी करायची गरज नाही.

आणि वेचणीचं. वावरात आडोसा नसतो, म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि लघवी संध्याकाळपर्यंत दाबून धरतात. आमच्या ओपीडीत वेचणीच्या दिवसांत याच तक्रारीच्या बाया रोज येतात. धुऱ्यावर चार बांबूंना जुनं लुगडं बांधून आडोसा करायला शेतमालकाला सांगा. सासूबाईंना संकोच वाटत असेल, तर तुम्ही बोला. पाण्याची कॅन ओळीच्या टोकाला नको, वेचताना हाताशी हवी. शुगरही याच आठवड्यात तपासून घ्या. ती चढलेली राहिली तर हा त्रास पुन्हा उलटतो.