राऊटरला फवारणी पंपाचा चार्जर लावू का? पिन तर बसते...

ताई, तुम्ही लिहिलंय की परवा रात्री डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) काहीतरी झालं, गावात सगळ्यांचे बल्ब भगभगले आणि तुमच्या राऊटरचा अडॅप्टर गेला. घरात आता चार अडॅप्टर आहेत: सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट २ अँपिअर, लॅपटॉपचा १९ व्होल्टचा, जुन्या वाजवायच्या कीबोर्डचा ९ व्होल्टचा आणि फवारणी पंपाचा चार्जर, त्यावरही १२ व्होल्टच लिहिलंय. पंपाच्या चार्जरची पिन राऊटरला बसते, म्हणून वडील तोच लावायचा म्हणतात.

तो लावू नका. मी जालन्यात २२ वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या राऊटरांपैकी बरेचसे विजेनं नाही, "पिन बसली म्हणून लावला" यानंच गेलेले असतात.

पंपाचा चार्जर हा अडॅप्टर नाहीच. त्यावर छापलेले १२ व्होल्ट हे बॅटरीचं नाव आहे. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात, त्यामुळे चार्जर तेवढे देतो. काही स्वस्त चार्जर बॅटरी न जोडता मोजले तर त्याहून जास्त दाखवतात. राऊटर त्यावर चार दिवस चालेलही, पण आतले भाग तापत राहतील. वडिलांना सांगा, आकडा त्यांनी बरोबर वाचला, पण तो आकडा बॅटरीचा आहे.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे, म्हणून इथंच सांगतो. हल्ली पुष्कळ पंपांत लिथियमची बॅटरी येते. तीन सेलची लिथियम-आयन बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. तिला जुन्या पंपाचा लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लावला, तर तो त्याच्या पुढंही वीज ढकलतच राहतो. आत संरक्षणाचं सर्किट चांगलं असेल तर ते तोडतं, नसेल तर बॅटरी फुगते, पेटते. सोयाबीन-कापसाच्या फवारणीच्या दिवसांत पंप रात्रभर घरातच, लेकरं झोपतात त्याच खोलीत चार्जिंगला असतो. त्यामुळे ज्या पंपाचा चार्जर त्याच पंपाला, आणि दोन पंप असतील तर दोन्ही चार्जरांवर आजच चिकटपट्टी लावून नाव लिहा.

आता तुमचं काम. राऊटर उलटा करा, खालच्या स्टिकरवर इनपुट शोधा. तिथं १२ व्होल्ट १ अँपिअर असेल, तर सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर चालेल. व्होल्ट तेवढेच हवेत, कमी नाही, जास्त नाही. अँपिअर मात्र तेवढे किंवा त्याहून जास्त. "२ अँपिअरनं राऊटर जळेल ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. नाही जळत. पंगतीत भाताचं पातेलं मोठं आहे म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही, जो तो भुकेपुरतं घेतो. पातेलं लहान असलं तर मात्र अर्धी पंगत उपाशी उठते. अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर लावला, की राऊटर सुरू होतो, पाच-सहा मोबाईल जोडले की बंद होऊन परत सुरू होतो, आणि अडॅप्टर हात लावू नये इतका तापतो. लोक नेटवाल्याला फोन करत बसतात.

यानंतर चिन्ह बघा. गोलात एक ठिपका, बाजूला अधिक आणि उणे. ठिपक्याची रेघ अधिककडे जात असेल तर पिनचा आतला भाग अधिक. राऊटर आणि अडॅप्टर दोन्हींवर हे चिन्ह सारखं हवं. राऊटरांत बहुतेक आत अधिक असतो, पण काही कीबोर्डांत आत उणे असतो. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा कीबोर्ड सप्ताहाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. ९ व्होल्टचा, आत उणे असलेला, आणि कुणीतरी त्याला राऊटरचा अडॅप्टर लावलेला. व्होल्ट जास्त आणि दिशाही उलटी. दुरुस्त झाला, पण त्या सप्ताहात तो वाजला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

चिन्ह पुसलं असेल तर मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या कड्याला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं, तर आत उणे आहे. वायर तोडून दुसरी पिन जोडणार असाल, तर रंगावर किंवा पांढऱ्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, मोजूनच जोडा. हेच मीटर तुमच्या त्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरला लावलं आणि १३ व्होल्ट दिसले, तर घाबरू नका. हातात जड लागणारे जुने ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर लोड नसताना जास्त दाखवतात. म्हणूनच ते नव्या नाजूक उपकरणांना लावू नयेत. आणि ज्यावर आऊटपुटला एसी किंवा नागमोडी रेघ आहे, तो राऊटरला अजिबात नाही.

पिनबद्दल एकच. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना एकसारख्या दिसतात, पण भोक एकीचं २.१ आणि दुसरीचं २.५ असतं. मोठ्या भोकाची लहान काडीवर जाते, पण सैल राहते, ठिणग्या पडतात. हलवल्यावर राऊटरचा दिवा लुकलुकला, तर ती पिन तुमची नाही.

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर विसरा.

लोडशेडिंगसाठी पॉवर बँकेवरून राऊटर चालवायची ५ ते १२ व्होल्टची वायर मिळते, तीही तुम्ही विचारली आहे. १२ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे १२ वॉट. ते ५ व्होल्टवरून काढायचे, तर २.४ अँपिअर, वर वाया जाणारे धरून ३ च्या जवळ. पॉवर बँक ५ व्होल्ट २ अँपिअरची असेल, तर राऊटरनं पूर्ण ताकद मागितली की ती कमी पडते. टाइप-सी पीडीवाल्या (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे मागेल तेवढे व्होल्ट देणारी पद्धत) वायरीही येतात, पण पीडीत ५, ९, १५, २० व्होल्ट हे नेहमीचे टप्पे आहेत, १२ सगळ्या चार्जरांत नसतो. घेण्याआधी चार्जरवर १२ छापलंय का ते वाचा.

नवा अडॅप्टर घेणार असाल तर त्यावर आर-नं सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासा. दुकानात उभ्या उभ्या होतं. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट सांभाळतात, पण डीपीचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला की ज्या फेजवर लोड कमी तिथं व्होल्ट ३०० च्या वर जातात, तेव्हा चांगलाही टिकत नाही. बल्ब अचानक भगभगले, की आधी मेन स्विच खाली.

राऊटरच्या आणि सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरच्या स्टिकरचे फोटो टाका, जवळून, उजेडात. आकडे वाचता आले की आज रात्रीच सांगतो लावायचा की नाही.